आठाला त्रेचाळीस
(प्रस्तावना)

जुन्या विलीज जीपचा ॲक्सल उघडून आतल्या क्राऊनचे दात मोजले, तर ते बहुतेक वेळा ३९ भरतात, नाहीतर ४३. पिनियनला दोन्हीकडे आठच दात. बाहेरून पाहाल तर हाउसिंग सारखंच दिसतं, पाट्यांच्या बैठका त्याच जागी, चाकाचे पाच बोल्ट तेवढ्याच अंतरावर. एकाच्या जागी दुसरा ॲक्सल चढवायला वेल्डिंग लागत नाही, ठोकाठोक लागत नाही. अर्ध्या दिवसाचं काम. ते इतकं बिनबोभाट होतं, म्हणूनच हे पुस्तक लिहावं लागलं.

आठाला ३९ म्हणजे ४.८८चा रेशो, आठाला ४३ म्हणजे ५.३८चा. प्रोपेलर शाफ्टचे तेवढे फेरे झाले की चाकाचा एक फेरा होतो, एवढाच त्याचा अर्थ. दुसऱ्या महायुद्धासाठी १९४१पासून जी विलीज एमबी बनली तिला ४.८८चा रेशो होता. लष्कराला रस्त्यावर पळणारी आणि चिखलात न अडणारी अशी गाडी हवी होती. युद्ध संपत आलं तशी १९४५मध्ये कंपनीने नागरी जीप काढली, सीजे-२ए. तिचं गिऱ्हाईक शेतकरी. त्याला जीपमागे नांगर बांधायचा होता, ट्रॉली ओढायची होती. वेग थोडा कमी चालला असता, ओढ हवी होती. म्हणून क्राऊनला चार दात वाढले आणि रेशो ५.३८ झाला. पुढे सीजे-३ए आणि १९५३ची उंच बॉनेटवाली सीजे-३बी यांनीही तोच रेशो चालवला.

१९४७मध्ये महिंद्रांनी मुंबईत विलीज जीपची जुळणी सुरू केली. अमेरिकेत सीजे-३बीचं उत्पादन १९६८मध्ये थांबलं, पण आपल्याकडे तिचा वंश पुढे कितीतरी वर्षं रस्त्यावर राहिला. साखर कारखान्याच्या चिटबॉयपासून घाटातल्या वडापवाल्यापर्यंत सगळ्यांनी ती चालवली. दुसऱ्या बाजूने लष्कराच्या लिलावातल्या गाड्या आणि त्यांचे सुटे भाग भंगार बाजारात येत राहिले. एकाच आजोबांची ही दोन घराणी आपल्या भंगारवाल्यांच्या अंगणात पुन्हा भेटली, आणि गॅरेजवाल्यांनी कुंडली न पाहता त्यांच्या सोयरिकी जुळवल्या. त्या जुळवणाऱ्यांत मीही होतो. ते पुढे सांगतो.

आधी गाडीच्या पोटात काय चालतं ते पाहू. इंजिनाची ताकद गिअरबॉक्समधून ट्रान्सफर केसमध्ये येते. तिथून एक प्रोपेलर शाफ्ट मागे जातो, एक पुढे. ‘टू-व्हील’मध्ये पुढचा मोकळा असतो. लिव्हर ‘फोर-व्हील’मध्ये टाकला की जीपसारख्या गाडीत दोन्ही शाफ्ट एकमेकांना पक्के बांधले जातात. मागचा शंभर फेरे फिरला तर पुढचाही शंभरच फिरणार, नव्याण्णव नाही की एकशे एक नाही. त्या दोघांच्या मध्ये तडजोड करणारं डिफरन्शियल तिथे नाही.

अशा वेळी बैलजोडीचा दाखला हमखास दिला जातो. मीही तो वर्षानुवर्षं वर्गात दिला आणि मग सोडून दिला. एक बैल चलाख आणि दुसरा मंद असला तरी ते चार दिवसांत एकमेकांची चाल ओळखतात. चलाख थोडा थांबतो, मंद थोडं उचलतो, आणि मानेवरच्या जुवालाही थोडा वाकडेपणा चालतो. लोखंडी दातांना सांभाळून घेणं ठाऊक नाही. आठाला ३९ म्हणजे जन्मभर आठाला ३९.

आता हिशेब करून पाहा. समजा पुढे ४.८८ आहे आणि मागे ५.३८. दोन्ही शाफ्ट बांधलेले आहेत. ते प्रत्येकी २१५ फेरे फिरले. मागचं चाक बरोबर ४० फेरे फिरलं, पुढचं ४४च्या थोडं वर. जीपच्या ६.००-१६ टायरचा घेर सुमारे २.२ मीटर धरला, तर मागच्या चाकांच्या मते गाडी ८८ मीटर गेली आणि पुढच्या चाकांच्या मते ९७ मीटर. गाडी मात्र एकच आहे. वरचे नऊ मीटर कुणीतरी घासून भरून काढायचे आहेत.

ओल्या शेतात ते सहज भरून निघतात. माती सुटते, टायर थोडा जास्त फिरतो, कुणाला पत्ता लागत नाही. कोरड्या डांबरावर टायर सुटत नाही. मग आधी सांध्यांमधली ढील संपते, मग शाफ्ट पिळले जातात, टायरची कड मुरगळते आणि शेवटी जे सगळ्यांत कच्चं असेल ते तुटतं. कधी सांध्यातला क्रॉस, कधी स्प्लाईन, कधी ट्रान्सफर केसमधल्या गिअरचा दात. त्यात आणखी एक गंमत आहे. पुढची चाकं गाडीला पुढे खेचत असतात आणि मागची त्यांना अडवत असतात. म्हणजे रस्ता मागच्या चाकांना ढकलतो, ती ताकद मागच्या शाफ्टमधून उलटी ट्रान्सफर केसमध्ये शिरते आणि तिथून परत पुढच्या ॲक्सलला जाते. इंजिनाला बाजूला ठेवून ताकदीचं हे चक्र गाडीच्या पोटात फिरत राहतं. ड्रायव्हरने ॲक्सिलरेटर हलकेच दाबलेला असतो आणि क्रॉसवर मात्र पहिल्या गिअरमध्ये चढ चढतानासारखा ताण असतो.

आता ती कबुली. १९८०च्या दशकाच्या अखेरीस मी जुन्नर तालुक्यात एका गॅरेजात हाताखाली होतो. टोमॅटोची शेती करणाऱ्या एका बागाईतदाराच्या पेट्रोल जीपच्या पुढच्या क्राऊनचे दात उडाले होते. नवी जोडी महाग होती. वस्ताद बाहेरगावी गेलेले. मी भंगारातून लष्करी जीपचा अख्खा पुढचा ॲक्सल आणला. सील चांगले, बेअरिंग चांगली, दात आरशासारखे. पाट्यांवर बसवला, ब्रेकचा पाइप जोडला, चाकं चढवली. कुठेही बोट अडलं नाही. मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटून घेतली.

ऐन पावसाळा होता. पंधरा दिवस जीप शेतातून क्रेट बाहेर काढत राहिली. मालक खूष. मग एका सकाळी तो चिखलातून थेट डांबरी रस्त्यावर आला आणि लिव्हर मागे घ्यायला विसरला. मैलभर गेल्यावर आठवण झाली, तर लिव्हर हलेना. गाडी आचके देत होती. गॅरेजच्या दारात आला आणि खाली न उतरताच म्हणाला, “मिस्त्री, मागनं कुणीतरी धरून ठेवल्यासारखी वाटतीया बघा.” मी जीप थोडी पुढे घेतली आणि खालून बंदुकीसारखा आवाज आला. पुढच्या प्रोपेलरचा क्रॉस दोन तुकडे होऊन पडला होता.

मी ॲक्सल पुन्हा उघडला. काही सापडलं नाही. सापडणार कसं? पुढचा ॲक्सल उत्तम होता. मागचाही उत्तम होता. कुठल्याही गेजने, कुठल्याही भिंगाने त्या दोघांत दोष दिसला नसता. मी नवा क्रॉस घातला. संध्याकाळी वस्ताद परतले. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, शर्टाच्या खिशातून खडू काढला आणि जीपखाली वाकून दोन्ही प्रोपेलरवर एकेक आडवी रेघ ओढली. गिअर न्यूट्रलला घेतला, दुसरा लिव्हर ‘टू-व्हील’ला. मला आणि मालकाच्या गड्याला जीप सरळ ढकलायला सांगितली. वस्तादांचा मुलगा मागच्या शाफ्टचे फेरे मोजत होता, एक पोऱ्या पुढच्याचे. आम्ही जेमतेम सव्वाआठ मीटर ढकलली असेल. मागचा म्हणाला वीस. पुढचा म्हणाला अठरा.

“मागं त्रेचाळीस, पुढं एकोणचाळीस,” वस्ताद म्हणाले, आणि चहा सांगायला निघून गेले. मला ते रागावले नाहीत, याचा मला आजही थोडा राग आहे.

या पुस्तकाचं सार त्या सव्वाआठ मीटरमध्ये आहे. काही बिघाड भागात असतात. ते पाहून, चाचपून, ऐकून सापडतात. हा बिघाड भागात राहत नाही, दोन भागांच्या नात्यात राहतो. म्हणून एकट्या ॲक्सलकडे कितीही निरखून पाहिलं तरी तो दिसत नाही. दोन्हीकडे मोजावं लागतं आणि आकडे शेजारी शेजारी मांडावे लागतात. त्यातून हा लबाड बिघाड चिखलात, म्हणजे जिथे फोर-व्हील वापरायची तिथेच, लपून बसतो आणि डांबरावर बाहेर येतो. मालक म्हणतो, शेतात तर झकास चालली. खरंच चालली असते.

इथे एक घोळ टाळायला हवा. रेशो अगदी जुळलेले असले तरी कोरड्या रस्त्यावर फोर-व्हीलमध्ये वळताना गाडी अडखळतेच. वळणावर पुढची चाकं मोठ्या घेरातून जातात, मागची लहान घेरातून, आणि शाफ्ट तर बांधलेले. त्यामुळे गाडीने आचका दिला म्हणजे रेशो बेजोड, असं समजून कुणी ॲक्सल खाली उतरवू नये. ओळख अशी की जुळलेली गाडी सरळ रस्त्यावर मोकळी होते. थोडी सरळ मागे घेतली की पीळ उतरतो आणि लिव्हर निघतो. बेजोड गाडी सरळ रस्त्यावरही पीळ भरतच राहते.

मग आकडे तंतोतंत सारखेच हवेत का? नाही, आणि हा या विषयातला सगळ्यांत सुरेख भाग आहे. जुन्या अमेरिकन पिकअपमध्ये पुढे ४.०९ आणि मागे ४.१० अशी जोडी कारखान्यातूनच येत असे. अनेकांना ती चूक वाटते. पुढचा ॲक्सल हलका, त्यात अकराला ४५ दात. मागचा भारी, त्यात दहाला ४१. दोन वेगळ्या मापांच्या क्राऊनमध्ये तोच आकडा अचूक पाडणं नेहमी जमत नाही. फरक किलोमीटरमागे दोन मीटरच्या आसपास पडतो. तेवढा टायर पोटात घालतो.

कुणी विचारेल, सरळ दहाला चाळीस का नाही? हिशेबही सोपा झाला असता. पण मग पिनियनचा प्रत्येक दात क्राऊनच्या ठरावीक चारच दातांना जन्मभर भेटत राहील. एखाद्या दातावर बारीकसा उंचवटा असला तर तो तेच चार दात खात राहील. दहाला ४१ असले की प्रत्येक दात क्रमाक्रमाने सगळ्या दातांना भेटतो आणि झीज वाटली जाते. आठाला ३९, आठाला ४३, अकराला ४५ यांतल्या कुठल्याही जोडीला एक सोडून दुसरा समान भाजक नाही. ते आकडे असे वेडेवाकडे दिसतात यामागे हा विचार आहे. शिवाय क्राऊन आणि पिनियन कारखान्यात एकमेकांवर घासून तयार होतात आणि जोडीनेच विकले जातात. एकाचा क्राऊन आणि दुसऱ्याचा पिनियन हा प्रयोग कुणी करू नये. दोन्हींचे दात बरोबर असले तरी आठवड्यात रडायला लागतात.

दोन मीटरच्या फरकावर घसा कोरडा करणारे लोक टायरकडे मात्र ढुंकून पाहत नाहीत. पुढे नवे टायर आणि मागे ५ मिलिमीटर झिजलेले, एवढ्याने टायरच्या व्यासात १० मिलिमीटरचा फरक पडतो. जीपच्या टायरला तो सुमारे दीड टक्का होतो, म्हणजे किलोमीटरमागे चौदा-पंधरा मीटर. ४.०९ आणि ४.१०च्या वादापेक्षा सहा-सात पट. रेशो जुळवणं म्हणजे नुसते दात जुळवणं नव्हे. दात आणि टायर मिळून जमिनीवर जे अंतर पडतं ते जुळवणं, असा त्याचा खरा अर्थ. वस्तादांची खडूची रेघ मला म्हणूनच कॅटलॉगपेक्षा मोठी वाटते. कॅटलॉग फक्त दात सांगतो, ती रेघ दात, टायर आणि हवा यांचा एकत्र हिशेब सांगते.

हे नीट कळलं की ट्रॅक्टरचं कोडंही सुटतं. फोर-व्हील ट्रॅक्टरची पुढची चाकं लहान, मागची मोठी. तिथे दोन्ही ॲक्सलचे रेशो मुळातच वेगळे ठेवावे लागतात. इतकंच नव्हे, तर पुढची चाकं मागच्यांपेक्षा एक ते पाच टक्के पुढे धावतील अशी मुद्दाम तजवीज केलेली असते. नांगरलेल्या रानात पुढच्या चाकांनी ओढत राहावं, मागच्यांनी त्यांना ढकलून नेऊ नये, यासाठी. नाशिक-सांगलीच्या द्राक्षबागांत अरुंद फोर-व्हील ट्रॅक्टर सर्रास दिसतात. तिथे मागचे टायर तसेच ठेवून पुढचे दुसऱ्याच बनावटीचे घातले, की बाजूवर छापलेलं माप तेच असूनही प्रत्यक्ष घेर वेगळा निघू शकतो. मग ती राखलेली आघाडी दुप्पट होते किंवा पार उलटते. उलटली की पुढचा ॲक्सल ओढायचं सोडून ब्रेक लावत बसतो, आणि शेतकरी डिझेलला नाव ठेवतो. रस्त्यावर येताना पुढचं काढून टाका, हे म्हणून ट्रॅक्टरवाल्याला दहादा सांगावं लागतं.

ज्यांच्या गाडीत मधोमध तिसरं डिफरन्शियल आहे त्यांना वाटतं, आपल्याला हे लागू नाही. १९७०च्या रेंज रोव्हरपासून अशा कायम चारही चाकं चालणाऱ्या गाड्या लोकांच्या ओळखीच्या झाल्या. वळणावरचा फरक ते मधलं डिफरन्शियल पचवतं हे खरं. पण रेशो किंवा टायर बेजोड असले तर त्याला सरळ रस्त्यावरही क्षणभर उसंत मिळत नाही. जे वळणापुरतं फिरायचं ते मुंबईपासून कोल्हापूरपर्यंत फिरत राहतं. आणि ते लॉक केलं की आपण पुन्हा जीपच्याच पंगतीला.

बेजोड गाड्या तयार कशा होतात, याचा मी बरीच वर्षं मागोवा घेतला. अडाणीपणा हे कारण क्वचितच असतं. पहिलं कारण मी केलं तेच: भाग चपखल बसला म्हणजे तो बरोबर आहे असा समज. दुसरं जास्त माणसासारखं आहे. पेट्रोल इंजिन काढून डिझेल बसवलं, किंवा मोठे टायर घातले, आणि रेशो बदलणं भाग पडलं. मागचा ॲक्सल रोज लागतो म्हणून तो आधी बदलला. पुढच्याचं “बघू दिवाळीनंतर”. दिवाळ्या येतात नि जातात. मधल्या काळात गाडी विकली जाते आणि नव्या मालकाला ते सांगायचं राहून जातं. माझं म्हणणं एवढंच की पैसे नसतील तर दोन्ही बदलता येईपर्यंत थांबा, आणि थांबता येत नसेल तर पुढचा प्रोपेलर खोलून गॅरेजच्या भिंतीला टांगा. भिंतीवर लटकणारा शाफ्ट पाहून कुणीही विचारतो, हा इथे का? हा प्रश्न विचारला जाणं हीच खरी सुरक्षितता.

पुस्तकाची मांडणी या क्रमानेच केली आहे. पहिल्या भागात मोजणी आहे: ॲक्सल न उघडता रेशो कसा काढायचा. एक चाक जमिनीवर, दुसरं जॅकवर, बाकीच्या चाकांना दगड, गिअर न्यूट्रलला, मग उचललेल्या चाकाचे वीस फेरे आणि प्रोपेलरचे मोजलेले फेरे. साध्या डिफरन्शियलमध्ये एक चाक अडवलं की दुसऱ्याचे दोन फेरे क्राऊनच्या एका फेऱ्याएवढे होतात. त्यामुळे विसाला जे उत्तर येईल त्याला दहाने भागलं की रेशो मिळतो. सुमारे ४९ आले तर आठाला ३९, सुमारे ५४ आले तर आठाला ४३. एकाच फेऱ्यावर अंदाज बांधू नये. ढिलीमुळे फसगत होते. दुसऱ्या भागात जोड्या आहेत, कुठला ॲक्सल कुठे बसतो आणि बसला तरी का चालत नाही. तिसऱ्यात टायर, चौथ्यात ट्रॅक्टर, पाचव्यात मोडलेल्या भागांवरून कारण ओळखण्याची रीत. भाषा गॅरेजचीच ठेवली आहे. पुस्तक हातात धरणाऱ्याच्या बोटांना गिअर ऑइल असणार हे गृहीत धरून आकडे मोठ्या टाइपात छापले आहेत.

जुन्नरच्या त्या ॲक्सलमधला क्राऊन पुढे माझ्याकडेच राहिला. शिकवायला लागल्यापासून मी तो दर वर्षी पहिल्या दिवशी वर्गात फिरवतो आणि दात मोजायला सांगतो. वीस मुलांत तीन-चार तरी उत्तरं निघतात: ३८, ३९, ४०, एखादा ४१ही म्हणतो. मुलं हुशार असतात, पण गोल वस्तूला सुरुवात नसते, आणि मोजता मोजता आपण कुठून निघालो ते हरवतं. मग कुणीतरी फळ्याजवळ जातो, खडू आणतो आणि एका दातावर रेघ ओढतो. त्यानंतर सगळ्यांचं उत्तर ३९ येतं. त्या दिवशी मी आणखी काही शिकवत नाही.